लिनक्स टाकलं, पण वायफाय कुठे आहे? लॅपटॉपच्या फर्मवेअरचा माग काढण्याची पद्धत

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१७ सालचे, अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप घेऊन लोक माझ्याकडे येतात. शाळेतले मास्तर येतात, होमस्टेवाले येतात, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारे येतात. देवगड-कणकवली भागात मागणी एकच असते: "ह्येच्यात लिनक्स घाल रे."

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, घालणं हे अर्ध्या तासाचं काम. खरा वेळ जातो तो नंतर. वायफाय दिसत नाही, झाकण मिटलं की लॅपटॉप उठत नाही, चालू केला की थेट विंडोजच उघडतं. मग कोणीतरी सांगतं "बायोस अपडेट मार", आणि बाहेर कोसळत्या पावसात, मरायला टेकलेल्या बॅटरीवर, बायोस अपडेट सुरू होतं. हा लेख लिहायचं मुख्य कारण तेच आहे. बायोस अपडेट हा शेवटचा उपाय. आधी दुखणं कुठलं ते ओळखायचं.

दुखणं तीन ठिकाणी असू शकतं. पहिलं, मदरबोर्डवरच्या चिपमधलं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, ज्याला सगळे अजून बायोसच म्हणतात. दुसरं, वायफाय, ब्लूटूथ, साउंड, ग्राफिक्स या प्रत्येक चिपचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, म्हणजे तिचं फर्मवेअर. हा बहुतेक वेळा चिपमध्ये साठवलेला नसतो. दर वेळी मशीन चालू झालं की ऑपरेटिंग सिस्टीम तो डिस्कवरून उचलून चिपला देते. लिनक्समध्ये या फायली 'लिब' फोल्डरच्या आत 'फर्मवेअर' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तिसरं, एसीपीआयचे तक्ते. बॅटरी, झाकण, पंखा, ब्राइटनेसची बटणं कुठे जोडली आहेत, झोपताना काय बंद करायचं, ही माहिती बायोस या तक्त्यांतून सिस्टीमला देतो. हे तक्ते कंपन्या विंडोजवर तपासून बाजारात सोडतात. म्हणून लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) बायोसने विचारलं की आपण विंडोज असल्याचंच सांगतो. गंमत वाटेल, पण ते मुद्दाम केलेलं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि लोकांनी तोवर पहिल्या ठिकाणी हात घालून झालेला असतो.

एक सूचना. खाली आज्ञा देवनागरीत, अक्षरं सुटी करून किंवा उच्चाराप्रमाणे (सुडो, लिस्ट, कॅट) लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन छोट्या अक्षरांत, मधली जागा काढून टाइप करा; 'जागा' असं लिहिलंय तिथे मात्र स्पेस द्या.

विंडोज पुसण्याआधी

"फॉरमॅट मारून टाक" म्हणायची घाई नको. विंडोज चालू आहे तोवर काही कामं फार सोपी असतात.

स्टार्टमध्ये 'एम एस इन्फो ३२' शोधा. त्या एका खिडकीत लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, बायोसचं व्हर्जन व तारीख, बायोस मोड आणि सिक्युअर बूटची (मान्य सही असलेलेच बूट प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीची) स्थिती दिसते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस मोडपुढे 'लेगसी' (यूईएफआयच्या आधीची जुनी पद्धत) असेल आणि विंडोजसोबतच लिनक्स ठेवायचं असेल, तर लिनक्सही लेगसी पद्धतीनेच बसवावं लागतं. एक यूईएफआय आणि दुसरं लेगसी अशी खिचडी केली की बूट मेनूत एकमेकांचं तोंड दिसत नाही.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. आजकाल मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूट बदललं किंवा बायोस अपडेट केलं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण खातं मुंबईतल्या मुलाच्या जुन्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असेल तर झाली पंचाईत. ती रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. मगच पुढे.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं, त्याचं पार्टिशन लिनक्सला नीट उघडता येत नाही, आणि काही वायफाय कार्डं अशा अवस्थेत अडकतात की लिनक्समध्ये ती मेल्यासारखी वाटतात.

शेवटचं: काही कंपन्या घरगुती मॉडेलसाठी बायोसची अपडेट फक्त विंडोजमधून चालणाऱ्या फाइलच्या रूपात देतात. विंडोज पुसलं की तो दरवाजा बंद. त्यामुळे अपडेटची खरंच गरज असेल तर ती आताच, पण कशी करायची ते खाली वाचून.

बायोसमध्ये काय बघायचं

आत शिरायची बटणं कंपनीनुसार बदलतात. डेल, एसर, असूस यांना साधारण एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. आयडियापॅडच्या कडेला टाचणी घालायचं 'नोवो' बटण असतं. पेनड्राइव्हवरून चालू करायचा मेनू डेल-लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवरही एफ१२च, पण तो मेनू बहुधा मुळात बंद असतो. एफ२ने आत जाऊन तो आधी चालू करावा लागतो.

आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. बायोस अपडेट किंवा रिसेट झाल्यावर सगळं मूळपदावर जाऊ शकतं, आणि तेव्हा "आधी काय होतं?" याचं उत्तर फक्त त्या फोटोंत असतं.

सिक्युअर बूट बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, ओपनसूसे या सगळ्या लिनक्स वितरणांचा 'शिम' नावाचा छोटा बूट प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही ती चालतात. अडलं तर आधी तीन गोष्टी बघा.

एक, २०२२पासूनच्या काही लॅपटॉपवर, खास करून लेनोवोच्या व्यावसायिक मॉडेलांवर, 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए'ला (मायक्रोसॉफ्ट इतरांच्या बूट प्रोग्रामांवर ज्याने सही करतं त्या प्रमाणपत्राला) परवानगी देणारा वेगळा पर्याय असतो आणि तो मुळात बंद असतो. तो चालू करा, सिक्युअर बूट चालूच राहू द्या.

दोन, एसरच्या बऱ्याच मॉडेलांवर सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय सिक्युअर बूटचे पर्याय करडेच राहतात. पासवर्ड ठेवा, हवा तो बदल करा, लिनक्सच्या बूट फाइलला 'ट्रस्टेड' म्हणून निवडा आणि मग पासवर्ड रिकामा करून काढून टाका. विसरलेला सुपरवायझर पासवर्ड काढणं ही घरी करायची गोष्ट नाही.

तीन, 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश. ऑगस्ट २०२४च्या एका विंडोज अपडेटनंतर अनेक दुहेरी बूटच्या लॅपटॉपवर तो येऊ लागला. जुन्या शिमला मज्जाव झाला, एवढाच त्याचा अर्थ. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरा, सगळी अपडेट घ्या आणि परत चालू करा. संदेश तरीही आला तर, पुन्हा सिक्युअर बूट बंद असताना, 'एम ओ के यू टी आय एल' या आज्ञेला एसबॅटचं धोरण (कुठल्या जुन्या शिमला मज्जाव करायचा त्याचा नियम) पुसायला सांगणारा पर्याय आहे. इन्स्टॉलच करताना हे झालं तर दोन वर्षं जुना पेनड्राइव्ह बाजूला ठेवून ताजी आयएसओ (जिच्यापासून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनतो ती फाइल) उतरवा. आणखी एक लक्षात असू द्या: सिक्युअर बूटची २०११ सालची मूळ प्रमाणपत्रं जून २०२६पासून मुदतबाह्य होत जातात आणि त्यांच्या जागी २०२३ची येतात. जुनी आयएसओ जपून ठेवायची सवय यापुढे महागात पडेल.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड बघा. तिथे 'आरएसटी', 'ऑप्टेन' किंवा 'रेड' असेल तर तो 'एएचसीआय' करायचा. एसरवर हा पर्याय लपवलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की उघडतो. पण विंडोज ठेवायचं असेल तर सरळ बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर आपटेल. आधी बिटलॉकर सस्पेंड करा, 'एम एस कॉन्फिग'मध्ये बूट टॅबवर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत हवा.

इन्स्टॉल करण्याआधी नुसतं चालवून बघा

आयएसओ उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा (डाउनलोडच्या पानावर दिलेली फाइलची ओळखखूण) जुळवा. आपल्याकडे दरीतल्या वाडीत नेटवर्क एक कांडी असतं, डाउनलोड मध्येच तुटतं आणि अर्धवट फाइलवरून बनवलेला पेनड्राइव्ह भलत्याच चुका दाखवतो. त्यांचं खापर मग बायोसवर फुटतं.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन उघडा आणि इन्स्टॉलचं बटण न दाबता वायफाय, साउंड, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं तपासा. झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा. इथे जे चालतं ते इन्स्टॉलनंतरही बहुधा चालतं. इथे जे चालत नाही त्याचा उपाय इन्स्टॉलआधीच शोधता येतो. स्क्रीन काळीच राहिली तर सुरुवातीच्या मेनूतला 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. त्यात 'नोमोडसेट' नावाचा पॅरामीटर (चालू होताना कर्नलला दिलेली सूचना) लावलेला असतो. तो तात्पुरता जिना आहे, राहायचं घर नव्हे. ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर बसला की काढून टाका.

बूट होताना 'एसीपीआय बायोस एरर' अशा लाल ओळी धडाधड येतात आणि लोक घाबरतात. कंपनीने तक्ते हलगर्जीपणे लिहिले, एवढंच त्या सांगतात. सगळं चालत असेल तर दुर्लक्ष करा.

वायफाय: इथे घाई करू नका

नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. हा तिढा सोडवायला अँड्रॉइड मोबाइल आणि चार्जिंगची केबल पुरते. केबल जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेट म्हणून दिसतं, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. केबल डेटा वाहून नेणारी हवी. नुसती चार्जिंगची असेल तर टेदरिंगचा पर्याय करडाच दिसतो. रेंज खिडकीतच येत असेल तर लॅपटॉपही खिडकीत न्या.

आता टर्मिनल उघडा आणि 'एल एस पी सी आय', मग जागा सोडून डॅश आणि 'एन एन के' असं टाइप करा. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात कार्डाचा क्रमांक असतो. ८०८६ने सुरू झाला तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. खालच्या ओळीत 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहिलेलं असेल किंवा नसेल. पुढचं सगळं निदान या दोन ओळींवर आहे.

कार्ड दिसतंय, पण ड्रायव्हरची ओळच नाही: कर्नल जुना आहे किंवा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. रिअलटेकच्या ८८२१सीई कार्डाला कर्नल ५.९पासून, ८८५२बीईला ६.२पासून आणि मीडियाटेकच्या एमटी७९२१ला ५.१२पासून मूळ कर्नलमध्येच आधार आहे. त्यामुळे इंटरनेटवर कुठेतरी सापडलेला ड्रायव्हर कंपाइल करत बसण्याऐवजी नवा कर्नल घेणं केव्हाही बरं. कंपाइल केलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा रुसतो. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून कर्नल निवडता येतो. ब्रॉडकॉमचं मात्र वेगळं, तिथे बहुधा ड्रायव्हर मॅनेजरमधून बंदिस्त (कंपनीने कोड खुला न केलेला) ड्रायव्हरच घ्यावा लागतो.

ड्रायव्हर आहे, तरी वायफाय नाही: आता कर्नलची नोंदवही वाचायची. 'सुडो', जागा, 'डी एम ई एस जी'. खूप ओळी येतील, त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. नेमकी ओळ अशी असते: 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर', मग फाइलचं नाव, मग 'फेल्ड विथ एरर -२'. उणे दोन म्हणजे 'अशी फाइल सापडली नाही'. कार्ड धड आहे, ड्रायव्हर धड आहे, फक्त चिपला द्यायचा प्रोग्राम डिस्कवर नाही. फाइलचं नाव त्याच ओळीत दिलेलं असल्याने शोधाशोध करावी लागत नाही.

ही अडचण डेबियनवर पूर्वी हमखास यायची, कारण बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही असा त्यांचा नेम होता. २०२२मध्ये त्यांनी मतदान घेऊन तो बदलला आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून ते इन्स्टॉलरसोबतच येतं. जुन्या डेबियनवरून अपग्रेड करत आला असाल तर सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग आहे ना ते बघा, आणि इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक' हे पॅकेज घ्या. उबुंटू-मिंटवर 'लिनक्स-फर्मवेअर' हे एकच मोठं पॅकेज असतं, शेकडो एमबीचं. मोबाइलच्या डेटावर ते उतरवायला जीव जात असेल तर कर्नलच्या अधिकृत लिनक्स-फर्मवेअर संग्रहातून हवी ती एकच फाइल घ्या, नोंदवहीत दिसलेल्या उपफोल्डरातच ठेवा, आणि 'सुडो', जागा, 'अपडेट-इनिट-रॅम-एफएस', जागा, डॅश आणि 'यू' चालवा. या आज्ञेच्या नावात 'इनिट', 'रॅम' आणि 'एफएस' सलग लिहायचं, नावातला डॅश फक्त अपडेटनंतर.

मग रीस्टार्ट करू नका, पूर्ण बंद करा. चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटत नाही आणि ते जुन्या अवस्थेतच राहतं. नुसत्या एवढ्याने सुटलेल्या केसेस कमी नाहीत.

ड्रायव्हरही आहे, नोंदवहीही स्वच्छ आहे: 'आर एफ किल', जागा, 'लिस्ट'. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर एअरप्लेन मोड कुठेतरी चालू आहे. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर कीबोर्डवरचं फंक्शन बटण, कडेची सरकपट्टी किंवा बायोसमधलं वायरलेसचं सेटिंग बघा.

आणि यादीत कार्डच नाही? मग लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. बायोसने बंद ठेवलंय, किंवा कार्ड सैल झालंय, किंवा गंज आलाय. त्याबद्दल खाली.

निळा पडदा दिसला तर घाबरू नका

एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर घेताना सिक्युअर बूट चालू असेल तर सिस्टीम एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या वेळी चालू होताना 'एमओके मॅनेजमेंट' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) असा निळा पडदा दहा सेकंद येतो. तिथे 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', मग तोच पासवर्ड. लोक नेमके या दहा सेकंदांत चहा आणायला गेलेले असतात. पडदा निघून जातो, ड्रायव्हर सही नसल्यामुळे नाकारला जातो, आणि "एनव्हिडिया लिनक्सवर चालतच नाही" अशी अफवा गावभर होते. चुकलं तर 'सुडो', जागा, 'एम ओ के यू टी आय एल', जागा, दोन डॅश आणि 'इम्पोर्ट', पुढे किल्लीच्या फाइलचा मार्ग, असं देऊन पुन्हा सुरू करा. उबुंटू-मिंटवर ही फाइल 'वार', 'लिब', 'शिम-साइन्ड', 'एमओके' या फोल्डरांच्या वाटेवर सापडते.

साउंड, टचपॅड, थेट विंडोज उघडणं

साउंडमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसत असेल आणि लॅपटॉप अलीकडचा इंटेलचा असेल तर साउंड ओपन फर्मवेअरच्या फायली नसतात. डेबियनवर 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' घ्या.

एसरवर टचपॅड मेला तर बायोसमध्ये टचपॅडचा मोड 'अॅडव्हान्स्ड'वरून 'बेसिक' करून बघा. दुसऱ्या कंपन्यांवर हा पर्याय क्वचित असतो. तिथे कर्नल नवा करणं हाच पहिला उपाय.

लिनक्स बसलं पण चालू केल्यावर विंडोजच येतं: 'ई एफ आय बूट एम जी आर' नावाची आज्ञा बूटचा क्रम दाखवते. काही बायोस हा क्रम वाचतच नाहीत, ठरलेल्या जागची एकच फाइल उघडतात. डेबियनचा इन्स्टॉलर, एक्स्पर्ट मोडमध्ये, ग्रबची (लिनक्स सुरू करणाऱ्या बूट प्रोग्रामची) एक प्रत त्या ठरलेल्या जागी, 'रिमूव्हेबल मीडिया पाथ'वर, ठेवू का असं विचारतो. अशा हट्टी बायोससाठी त्याला 'हो' म्हणा. बायोसच्या बूटच्या पानावर उबुंटू किंवा डेबियन वर सरकवता येत असेल तर अर्थातच आधी तेच करा.

झाकण मिटल्यावर

कोकणात एप्रिल-मेमध्ये ही तक्रार जास्त येते. झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवला, एसटीतून तासाभराने काढला तर तापलेला आणि बॅटरी निम्मी.

'कॅट', जागा, मग 'सिस', 'पॉवर', 'मेम अंडरस्कोर स्लीप' या मार्गाची फाइल, प्रत्येक नावाआधी तिरकी रेघ देऊन, उघडा. 'एस२आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसले तर दोन प्रकारची झोप उपलब्ध आहे आणि चौकटी कंसातली सध्या वापरात आहे. डीपमध्ये जवळपास सगळं बंद होतं. एस२आयडलमध्ये मशीन नुसतं पेंगत असतं.

दोन्ही असतील तर डीप लावून बघता येतं, आधी एका वेळेपुरतं. चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणा, 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'मेम अंडरस्कोर स्लीप अंडरस्कोर डिफॉल्ट', बरोबरचं चिन्ह, 'डीप' असं लिहा आणि एफ१० दाबा. झाकण मिटा, उघडा, दोनचारदा. नीट उठलं तरच 'ईटीसी', 'डिफॉल्ट', 'ग्रब' या फाइलमध्ये कायमचं लिहून 'अपडेट-ग्रब' चालवा. बाकी कुठलाही पॅरामीटर लावतानाही हाच रिवाज ठेवा: एकदा तात्पुरता, मग कायमचा.

फाइलमध्ये फक्त एस२आयडलच असेल तर डीपचा नाद सोडा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती सोयच उरलेली नाही आणि पॅरामीटर लिहून ती पैदा होत नाही. मोजक्या जुन्या थिंकपॅडवर बायोसच्या पॉवर विभागात 'स्लीप स्टेट' म्हणून लिनक्स आणि विंडोज असे दोन पर्याय आहेत. तिथे लिनक्स निवडा. बाकीच्यांनी रात्री झाकण मिटताना बॅटरीचा आकडा लिहून ठेवावा. सकाळपर्यंत दहाएक टक्के गेले तर चालायचंच. त्याहून बरंच जास्त जात असेल तर नवा कर्नल, आणि तोवर सरळ शटडाउन. हायबरनेट सुचवलं जातं, पण सिक्युअर बूट चालू असताना बहुतेक वितरणांत ते अडवलेलं असतं.

बायोस अपडेट, आणि महावितरण

कारण असेल तरच. कंपनीच्या पानावर त्या अपडेटच्या टिपणात तुमची तक्रार किंवा सुरक्षेची दुरुस्ती लिहिलेली असेल तर ते कारण. "नवीन आलंय" हे कारण नाही.

लिनक्समधून करायचा चांगला मार्ग म्हणजे 'एफडब्ल्यूयूपीडी'. रिचर्ड ह्यूजेस यांनी २०१५मध्ये सुरू केलेल्या एलव्हीएफएस या साठ्यात डेल, लेनोवो, एचपी अशा कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची फर्मवेअर ठेवतात आणि ही आज्ञा ती उतरवून बसवते. 'एफ डब्ल्यू यू पी डी एम जी आर' या नावापुढे क्रमाने 'गेट-डिव्हायसेस', 'रिफ्रेश', 'गेट-अपडेट्स' आणि शेवटी 'अपडेट'. तुमचं मॉडेल तिथे नसेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ने फॉरमॅट करून कंपनीची फाइल त्यावर ठेवा आणि बायोसच्या आतल्या अपडेटच्या सोयीतून बसवा. असूसवर तिचं नाव ईझी फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश. डेलवर ती एफ१२च्या मेनूत असते.

चिपवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप मुकाच होण्याची शक्यता असते. काही मॉडेलांत बायोसची दुसरी प्रत असते, सगळ्यांत नाही. म्हणून: बॅटरी स्वतःच्या बळावर तासभर टिकते याची आधी खात्री. चार्जर लावलेला. जून ते सप्टेंबरमध्ये, वाऱ्यापावसात, लाइट येऊन-जाऊन असताना, अजिबात नाही. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडे वीज किती दिवस गायब होती ते तिकडच्यांना सांगायला नको. पण साध्या आषाढसरीतही फीडर पडतो. बॅटरी मेलेली असेल आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर चालत असेल तर इन्व्हर्टर असला तरी मी हात लावत नाही. आधी बॅटरी बदला.

लिनक्समुळे बायोस बिघडतो का, हा प्रश्न येतो. क्वचित, पण झालेलं आहे. २०१३च्या सुरुवातीला काही सॅमसंग लॅपटॉप लिनक्स चालू करताना कायमचे बंद पडल्याचं उघड झालं, आणि डिसेंबर २०१७मध्ये उबुंटू १७.१०मधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे काही लेनोवो लॅपटॉपच्या बायोसमध्ये सेटिंग साठवणंच बंद झालं. तेव्हा ती आयएसओ मागे घेतली गेली. दोन्ही दुरुस्त होऊन वर्षं झाली. आज धोका उरतो तो हाताने 'ईएफआय व्हार्स' फोल्डरमधलं काही पुसण्याचा. तिकडे फिरकू नका.

खारी हवा आणि फर्मवेअर यांतला फरक

किनाऱ्यालगतच्या घरात हा प्रश्न खरा आहे, आणि मुंबई-पुण्यात लिहिलेल्या मार्गदर्शकांत तो सापडत नाही. दमट, खारट हवेने वायफाय कार्डाचे सोनेरी दात काळवंडतात, अँटेनाच्या बटणाएवढ्या जोडणीवर हिरवट थर येतो. लक्षणं हुबेहूब फर्मवेअरसारखी दिसतात.

ओळखायचं असं. फर्मवेअरचा दोष शिस्तीचा असतो: रोज, त्याच जागी, तीच ओळ. गंजाचा दोष लहरी असतो. 'एल एस पी सी आय'मध्ये कार्ड सकाळी दिसतं, संध्याकाळी नाही. पावसाळ्यात वाढतं, ऑक्टोबरच्या उन्हात सुधारतं. विंडोजमध्येही तेच होतं. नोंदवहीत 'पीसीआयई बस एरर', 'एईआर करेक्टेड' अशा ओळी वाढत जातात. त्या ओळी दिसू नयेत म्हणून 'पीसीआय', बरोबरचं चिन्ह, 'नोएईआर' हा पॅरामीटर सुचवला जातो. त्याने ओळी लपतात, गंज तसाच राहतो. खालचं झाकण उघडून, बॅटरीची जोडणी काढून, कार्ड बाहेर घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दात हलके पुसा. पूर्ण सुकू द्या, मगच जोडा. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका.

घड्याळही बघा. लिनक्स आणि विंडोजच्या वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर बिघाड काहीच नाही. एक यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतंय, दुसरं भारतीय वेळ. 'टाइम डेट सी टी एल', जागा, 'सेट-लोकल-आरटीसी', जागा, १ असं दिलं की मिटलं. पण तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर घड्याळाला वीज देणारी नाण्यासारखी बॅटरी संपली. मग वेबसाइट उघडत नाहीत, अपडेट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून अडतं, बायोसची सेटिंग पुसली जातात, आणि दोष पुन्हा लिनक्सच्या माथी. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही बॅटरी वेगळी नसते, तिथे मुख्य बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी हेच होतं. चार महिने कपाटात ठेवलेला होमस्टेचा लॅपटॉप गणपतीत काढला की हे हमखास. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवला तर बॅटरीही राहते आणि आतला ओलावाही उडतो.

कोणाला विचारताना

"वायफाय चालत नाही" एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही. मॉडेलचं पूर्ण नाव, बायोसचं व्हर्जन, कर्नलचं व्हर्जन, कार्डाचा चौकटी कंसातला क्रमांक आणि नोंदवहीतली ती एक ओळ, एवढं द्या. मिंटवर सिस्टीम रिपोर्ट्समध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडून कॉपी केलं की बरंचसं एका झटक्यात मिळतं. त्यात सिरीयल नंबर आपोआप झाकलेले असतात. बायोसच्या पडद्याचा फोटो पाठवणार असाल तर तिथला सिरीयल नंबर मात्र स्वतः झाका. आणि सर्व्हिस सेंटरला कुडाळहून कोल्हापूर गाठण्याआधी त्यांना फोनवर विचारून घ्या की लिनक्स असलेलं मशीन ते तपासतात का. बऱ्याच ठिकाणी "विंडोज टाकून आणा" हेच पहिलं उत्तर मिळतं, म्हणून विंडोजच्या इन्स्टॉलचा एक पेनड्राइव्ह बॅगेत असू द्या.